शाबासकीचा भाव

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात चालती नोकरी सोडण्याची मान्यताप्राप्त कारणे फार काळ मोजकीच होती. बदली गैरसोयीच्या गावी होणे, लग्न होऊन परगावी जाणे, कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणणे आणि साहेबाशी न पटणे, एवढ्या चार कारणांत बहुतेक राजीनामे बसत असत, आणि त्यांपैकी शेवटचे कारण राजीनाम्याच्या कागदावर कधीही लिहिले जात नसे. अलीकडच्या काळात या यादीत एका नव्या कारणाची भर पडली आहे, ते म्हणजे केक चांगला होणे. हिंजवडीतल्या संगणक कंपनीत किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकेत बारा-पंधरा वर्षे काढलेली, गृहकर्जाचे निम्मे हप्ते फेडलेली आणि पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान असलेली व्यक्ती जेव्हा आपला शनिवार-रविवारचा छंद यापुढे सोमवार ते शुक्रवारचाही उद्योग राहील असे घरात जाहीर करते, तेव्हा त्या निर्णयाच्या तळाशी बहुधा एखादा चॉकलेट स्पंज असतो. अशा व्यक्तीला सध्याच्या बोलीत ‘होम बेकर’ म्हणतात; म्हणजे स्वतःच्याच स्वयंपाकघरात केक, कुकी, ब्राऊनी इत्यादी पदार्थ भाजून ते मागणीनुसार विकणारी व्यक्ती. प्रस्तुत लेखाचा विषय ही व्यक्ती तर आहेच, परंतु तिच्याहून अधिक तिच्या पदार्थांची तोवर तोंडभरून स्तुती करत आलेला समाज हा आहे.

ही घटना नीट कळण्यासाठी मराठी स्वयंपाकघराची ठेवण लक्षात घ्यावी लागते. या स्वयंपाकघरात उष्णता परंपरेने खालून येते. तवा, कढई, पातेले आणि मोदकपात्र यांचे सारे शास्त्र त्या एका दिशेवर उभे आहे. चहूबाजूंनी सारखी लागणारी कोरडी उष्णता, जिच्यावाचून पाव किंवा केक होत नाही, ती घराबाहेर राहिली, आणि तिचा ताबा इराण्याकडे, गोव्यात पोदेराकडे, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडे, आणि तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळच्या बेकरीवाल्याकडे होता. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप डब्यांत भरून बेकरीवर जायचे, तिथल्या पत्र्यांवर नानकटाई लावायची आणि आपला पत्रा शेजारणीच्या पत्र्याशी बदलू नये म्हणून भट्टीपाशी उभे राहायचे, ही अनेक गावांची वार्षिक रीत होती. पुढे झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, आणि ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांनी प्रेशर कुकरची शिट्टी व रबरी रिंग काढून, तळाशी वाळू पसरून तीत केकचे भांडे बसवले. केक मधोमध खचला तर दोष वाळूचा असे, आणि फुगला तर श्रेय करणारीचे असे.

या इतिहासाचा परिणाम असा झाला की, केक हा मराठी घरात अन्न म्हणून आला नाही, तर कौतुक म्हणून आला. रोज वीस पोळ्या, प्रत्येक गोल, प्रत्येकीला पदर सुटलेला, अशा वर्षानुवर्षे लाटणाऱ्या व्यक्तीविषयी घरातल्या कोणीही अद्याप टाळी वाजवल्याची नोंद नाही. पोळीचा उल्लेख व्हायचा असेल तर ती वातड व्हावी लागते. याउलट महिन्यातून एकदा, एका बाजूला जळलेला आणि दुसऱ्या बाजूला किंचित ओला राहिलेला केक टेबलावर आला की, घरातली माणसे आधी छायाचित्र काढतात आणि मग सुरी शोधतात. ज्याला स्तुतीची उपासमार सोसत नाही अशा कार्यालयीन माणसाचे पाऊल पोळपाटाकडे न वळता ओव्हनकडे का वळते, याचे उत्तर इथेच मिळते.

कार्यालयीन माणूस असे म्हणण्याला कारण आहे. संगणकावर काम करणाऱ्याला आपण दिवसभर काय केले हे संध्याकाळी घरच्यांना दाखवता येत नाही, आणि दाखवले तरी ते त्यांना कळत नाही. केक दिसतो, त्याला वास असतो, तो चाळीस मिनिटांत पुरा होतो आणि त्यावर वरिष्ठांची मंजुरी लागत नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि घरूनच काम सुरू झाले, तेव्हा हा फरक लाखो घरांत एकाच वेळी ध्यानात आला. किराणा दुकानांतून यीस्ट आणि बेकिंग पावडर दिसेनाशी झाली, अतिपिकलेल्या केळ्यांना त्यांच्या इतिहासात प्रथमच प्रतिष्ठा मिळाली, आणि ‘ओटीजी’, म्हणजे ओव्हन, टोस्टर व ग्रिल ही तिन्ही कामे करू शकणारी, पण प्रत्यक्षात बहुधा पहिलेच काम करणारी पेटी, मिक्सरच्या शेजारची जागा बळकावून बसली. कार्यालये पुन्हा उघडल्यावर सारे परत गेले, पण काहीजण मनाने ओटीजीपाशीच राहिले.

मनाने राहणे आणि राजीनामा देणे यांच्यामध्ये एक वाक्य असते. हे वाक्य कार्यालयातील वाढदिवसाच्या वेळी, तोंडात घास असताना उच्चारले जाते आणि ते साधारणपणे ‘तू ना, बेकरीच टाक’ असे असते. त्याचा अभ्यास आवश्यक आहे, कारण मराठी समाजात हे स्तुतीचे सर्वोच्च रूप असून ते व्यवसायाचा सल्ला म्हणून कधीच दिलेले नसते. मिसळ चांगली झाली की ‘हॉटेल काढ’, भांडण चांगले झाले की ‘वकील हो’ आणि लग्नात दोन ओळी सुरात लागल्या की ‘रेडिओवर जा’ असे म्हणण्याची पद्धत आहे. या सूचनांमध्ये भांडवल, जागा आणि तोटा यांचा विचार बोलणाऱ्याने केलेला नसतो, कारण त्याचा सगळा विचार दुसरा तुकडा मागावा की न मागावा यात गुंतलेला असतो. अनुभवी वकील, डॉक्टर आणि हॉटेलवाले ही वाक्ये हसून सोडून देतात. बारा वर्षे वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकींत ‘अपेक्षेनुसार काम’ एवढाच शेरा मिळालेल्या माणसाला मात्र ते वाक्य पोटात जाऊन बसते.

छंद असा मनावर घेण्याच्या अवस्थेला समाजशास्त्रात नाव आहे. कॅनडातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ साली ‘गंभीर विरंगुळा’ अशी संकल्पना मांडली. नुसता वेळ घालवण्यासाठी नव्हे, तर कौशल्य, चिकाटी आणि स्वतःची ओळख पणाला लावून केलेला छंद, असा तिचा अर्थ आहे. गंभीर विरंगुळ्यात माणूस नोकरीइतकेच कष्ट करतो, फक्त पगार घेत नाही. पगार घेतल्यावर काय होते, हा प्रश्न त्याआधीच मानसशास्त्रज्ञांनी हाताळला होता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील, रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची आवड असलेली मुले घेतली आणि त्यांतल्या काहींना आधीच सांगितले की, चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे बक्षिसाविना तीच पेने समोर ठेवली असता, बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. आवडीच्या कामाला मोबदला चिकटला की आवड ओसरते, या निष्कर्षाला ‘अतिसमर्थन परिणाम’ म्हणतात. तो होम बेकरला जसाच्या तसा लावणे मात्र योग्य नाही. त्या मुलांना पेने फुकट मिळाली होती, स्टँड मिक्सर हप्त्यांवर घ्यावा लागला नव्हता, आणि चित्र हातात घेऊन ‘मागच्या वेळी जास्त चांगले झाले होते’ असे म्हणणारी मावशी त्या प्रयोगात ठेवलेली नव्हती.

राजीनाम्याच्या घोषणेला कुटुंब कसे तोंड देते, हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. वडिलांची पहिली शंका भविष्यनिर्वाह निधीविषयी आणि दुसरी आरोग्यविम्याविषयी असते. आईचा मुद्दा ‘नोकरी सांभाळून कर ना’ हा असतो. आणि घरात केकचा घासही न घेतलेले एखादे काका असतातच, जे बेकरी चालत नाही, पोळीभाजी केंद्र चालते, असे सांगून हिशेबही मांडून दाखवतात. हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो, म्हणूनच काकांना पुढच्या वेळी बोलावले जात नाही. इथे एक भेद नोंदवणे भाग आहे. स्त्रीने नोकरी सोडून हा उद्योग सुरू केला तर ‘हल्ली घरीच असते, केकबिक करते’ असे तिचे वर्णन होते, मग तिच्या घरातून महिन्याला साठ केक बाहेर जात असले तरी. पुरुषाने तेच केले तर त्याला उद्योजक म्हणतात आणि त्याचे दुकान अजून निघायचे असले तरी त्याला तरुणांना मार्गदर्शन करायला बोलावतात. अपवाद फक्त विवाहेच्छू पुरुषाचा; ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला ‘केक करतो’ हे उत्तर ऐकून चहाचा कप बशीत परत ठेवला जातो आणि ‘त्याआधी काय करायचे’ असा प्रश्न येतो.

यानंतर नोंदणीचा टप्पा येतो, आणि माजी नोकरदाराला तो अतिशय आवडतो, कारण त्यात अर्ज भरायचा असतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या छत्राखाली खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहानात लहान व्यक्तीलाही नोंदणी घ्यावी लागते. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी आणि तिला वर्षाला १०० रुपये शुल्क, अशी व्यवस्था अनेक वर्षे राहिली. या नोंदणीतून चौदा अंकी क्रमांक मिळतो, आणि कर्मचारी ओळखपत्र परत केल्यापासून रिकामा वाटणारा गळा त्याने पुन्हा भरून येतो. सरकारी नोंदणीपेक्षा अवघड परवानगी गृहनिर्माण संस्थेची असते. निवासी सदनिकेत व्यवसाय चालतो आणि डिलिव्हरीची मुले उद्वाहन वापरतात, याकडे सचिव लेखी लक्ष वेधतात. त्या पत्राला उत्तर जाण्यापूर्वीच संस्थेच्या वर्धापनदिनाला तीन किलोचा केक सभासदांच्या दरात मिळेल का, अशी तोंडी विचारणाही त्यांच्याकडूनच होते.

खरा पेच अंड्याचा आहे. केकमध्ये अंडे तीन कामे करते: फेटल्यावर हवा धरून ठेवते, लोणी आणि पाणी यांना एकजीव करते, आणि तापल्यावर त्यातली प्रथिने घट्ट होऊन सगळ्या डोलाऱ्याला आधार देतात. अंडे काढून टाकले की ही तिन्ही खाती दही, खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि आटवलेले गोड दूध यांच्यात वाटून द्यावी लागतात, आणि आघाडी सरकारात होते त्याप्रमाणे एकाने माघार घेतली की सगळेच बसते. तरीही मागणी ‘एगलेस’चीच असते, त्यातही ‘एगलेस, पण अंड्याच्या केकसारखा मऊ’ अशी. मागणी करणाऱ्यांच्या घरी रोज सकाळी ऑम्लेट होत असते, परंतु वाढदिवस नेमका गुरुवारी आलेला असतो, किंवा श्रावण असतो, किंवा आजी येणार असतात, आणि आजींना अंडे चालत नाही ही गोष्ट आजींखेरीज सर्वांना ठाऊक असते. या बाबतीत मराठी गृहिणींवर ज्याचे सर्वाधिक उपकार आहेत तो माणूस मात्र ना मराठी होता ना शाकाहारी चळवळीतला. बर्मिंगहॅमचा रसायनविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत, म्हणून त्याने १८३७ साली अंड्याशिवाय होणारे कस्टर्ड आणि १८४३ साली यीस्टशिवाय फुगवणारी बेकिंग पावडर तयार केली. फ्रूट कस्टर्डचा वाडगा आणि एगलेस केक या दोन्हींच्या रूपाने तो मराठी वाढदिवसांना गेली कित्येक दशके हजर असतो, पण त्याला कोणी ओळखत नाही.

ग्राहकाने नमुना दाखवून ‘अगदी असाच’ म्हणण्याची चालही जुनीच आहे. केरळातील तलशेरी येथे १८८३ साली मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने इंग्लंडहून आणलेला नाताळचा केक मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यासमोर ठेवला आणि तसाच करून मागितला, असे सांगतात. बापूंना बिस्किटे येत होती, केक ठाऊक नव्हता, आणि ब्रँडीच्या जागी त्यांनी काजूच्या बोंडापासून गाळलेली स्थानिक दारू वापरली. ब्राऊन खूष झाला आणि त्याने आणखी डझनभर केक मागवले. या कथेतले दोन मुद्दे आजच्या होम बेकरला असूया वाटावी असे आहेत. एक, नमुना म्हणून प्रत्यक्ष केक आला होता. रात्री साडेअकराला पाठवलेले, परदेशातल्या कोण्या कलावंताने चार दिवस खपून केलेल्या पाचमजली केकचे छायाचित्र आणि खाली ‘ताई, हा अर्ध्या किलोत होईल का’ असा प्रश्न आला नव्हता. दुसरा, ब्राऊनने पदार्थ बदलल्याबद्दल पैसे कापून घेतले नाहीत.

‘ताई’ या संबोधनाचेही शास्त्र आहे. मागणी नोंदवताना ताई किंवा दादा म्हटले जाते, आणि तेव्हा सवलत मागितली जाणार हे समजून घ्यायचे असते. दर कळल्यावर त्याचे ‘मॅडम’ किंवा ‘सर’ होते. केक पोहोचायला वीस मिनिटे उशीर झाला की संबोधन गळून पडते आणि नुसते प्रश्नचिन्ह येते. हे सर्व ज्याने कंपनीत सोसले, ग्राहकाच्या रोज बदलणाऱ्या गरजा, अशक्य मुदती आणि आयत्या वेळचे फेरफार यांना कंटाळून ज्याने राजीनामा दिला, त्याला ते सारे आता स्वयंपाकघरात पीठ लागलेल्या हातांनी फोनवर वाचावे लागते. पूर्वी निदान अशा निरोपांना उत्तर द्यायला हाताखाली माणूस होता.

फेरफारांचे सर्वाधिक नाट्य सजावटीत घडते. अर्ध्या किलोचा गोल केक व्यासाने सुमारे सहा इंच असतो, आणि त्यावर ‘आदरणीय अण्णांना पंचाहत्तरीनिमित्त समस्त परिवार, नाशिक-पुणे-न्यू जर्सी, यांच्याकडून’ हा मजकूर क्रीमच्या पिशवीने लिहावयाचा असतो. पाइपिंग पिशवी, म्हणजे टोकाशी नळी बसवलेली, क्रीम दाबून बाहेर काढण्याची शंकूसारखी पिशवी, हिचा शोध लावणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जोडाक्षरे नव्हती. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव तिने लिहून दाखवणारा बेकर कोणत्याही कलाशाळेत प्रवेशास पात्र समजावा. पैठणीचा केक ही खास मराठी भर आहे. डोहाळजेवण, पन्नाशी किंवा सासूबाईंची साठी यासाठी तो मागवला जातो, आणि त्याचा पदर व त्यावरचे मोर फाँडंटचे असतात. फाँडंट म्हणजे साखर, ग्लुकोज आणि जिलेटिन किंवा तत्सम पदार्थ मळून केलेली, लाटता येणारी गोड कणीक. ही कणीक हवेतली वाफ ओढून घेते, त्यामुळे मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोरांना घाम येऊ लागतो आणि कार्यक्रमाच्या वेळेपर्यंत त्यांची बदके होतात. खाद्य शाईने साखरेच्या कागदावर छापलेल्या छायाचित्राचा केक याहून सोपा, पण त्याचे परिणाम गंभीर असतात. पंचाहत्तरीच्या अण्णांना स्वतःच्या कपाळावर सुरी चालवायला लावायची आणि मग त्यांचा डावा डोळा कोणत्या सुनेच्या ताटात जातो हे बघत बसायचे, यात मंगल काय आहे हे कोणत्याही धर्मशास्त्रात सापडत नाही.

आता भावाचा प्रश्न, ज्यावर या विषयाचा सारा डोलारा उभा आहे. होम बेकर पहिल्यांदा दर ठरवते तेव्हा मैदा, साखर, लोणी आणि खोका यांचे पैसे धरते. वीज विसरते, फसलेले केक विसरते आणि स्वतःचे तास तर मोजतच नाही, कारण ते तास छंदाच्या काळापासून फुकट धरण्याची सवय असते. ज्या व्यक्तीने कंपनीसाठी मनुष्य-तासांचे तक्ते केले, तिच्याच हिशेबात मनुष्य गाळला जातो. इतका कमी धरलेला दरही ग्राहकाला जास्त वाटतो, आणि त्यामागचा युक्तिवाद पाहण्याजोगा आहे: पदार्थ घरी केलेला आहे म्हणून तो बेकरीपेक्षा शुद्ध, ताजा आणि मायेचा असला पाहिजे, आणि पदार्थ घरीच केलेला आहे, दुकानाचे भाडे नाही, नोकर नाहीत, म्हणून तो बेकरीपेक्षा स्वस्त असला पाहिजे. माया ही कच्च्या मालात धरायची की करमुक्त सेवेत, याचा खुलासा अजून झालेला नाही.

बेकरने उत्तरादाखल दर्जाचा मुद्दा काढून उपयोग होत नाही. चॉकलेटचे दोन प्रकार बाजारात मिळतात. ‘कुव्हर्चर’ या प्रकारात कोकोचे स्वतःचे लोणी असते, आणि ‘कंपाउंड’मध्ये त्याच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. पहिले महाग आणि मानी. ते सुमारे ४५ अंशांवर वितळवून, २८ अंशांच्या आसपास उतरवून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते, या क्रियेला टेंपरिंग म्हणतात आणि ती चुकली तर चॉकलेटवर पांढरट डाग उमटतात. दुसरे नुसते वितळले की कामाला लागते. बेकरने पदरमोड करून, तापमापक हातात धरून पहिले वापरावे आणि ग्राहकाने चव घेऊन ‘त्या कोपऱ्यावरच्या दुकानातला जरा जास्त चमकतो’ असे म्हणावे, हा संवाद पुण्यात आणि ठाण्यात रोज कुठे ना कुठे होत असतो. आप्तांचा प्रश्न तर दराच्या पलीकडचा. लग्नात पाचशे एक रुपयांचे पाकीट न विसरता देणारे आप्त केकचे पैसे देताना ‘घरच्यांकडून घेणार का’ असे विचारतात, आणि बेकरने ‘छे, छे’ म्हटले की त्यांना ते खरे वाटते.

वस्तुतः फुकट केक खाणारी माणसे पूर्वी काहीच देत नव्हती, असे समजणे चूक आहे. ती स्तुतीच्या नाण्यात पूर्ण किंमत चुकती करत होती, आणि होम बेकरचा नोकरी सोडण्याचा निर्णय याच नाण्यांच्या जमेवर झालेला असतो. रुपये मोजावे लागताच ते नाणे पुन्हा खिशात जाते, कारण एकाच मालाची किंमत दोनदा देण्याची कोणत्याही बाजारात पद्धत नाही. ज्या सहकाऱ्याने बेकरी टाकण्याचा आग्रह धरला होता, तो पैसे देऊन घेतलेल्या पहिल्या केकनंतर ‘मिळाला’ एवढाच निरोप पाठवतो. हा निरोप निर्दय नाही. विजेचे बिल भरल्यावर महावितरणला कोणी ‘काय सुंदर प्रकाश होता’ असे कळवत नाही, त्यातलाच तो प्रकार आहे. परंतु जिने वर्षभर ‘अप्रतिम’च्या खाली शब्द ऐकलेला नसतो, तिला तो पोळतो.

महावितरणचा विषय निघालाच आहे तर पुण्यातल्या गुरुवारचाही उल्लेख व्हावा. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीजपुरवठा बंद, अशी सूचना पुणेकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. स्पंज ओव्हनमध्ये असताना वीज गेली तर त्यातली हवा धरून ठेवणारी भिंत घट्ट होण्यापूर्वीच थंडावते आणि केक बसतो. गुरुवार असल्याने तो एगलेस असतो, म्हणजे मुळातच आधाराविना असतो. वाचलेला केक मग दुचाकीच्या पायापाशी ठेवून न्यायचा असतो. गतिरोधक कसा असावा याविषयी शासकीय निकष आहेत, परंतु गल्लोगल्लीचे गतिरोधक बांधणाऱ्यांनी ते केकच्या दृष्टीने वाचलेले दिसत नाहीत.

जुन्या बेकऱ्यांना हे सारे का सोसावे लागत नाही, असा प्रश्न पडू शकतो. पुण्याच्या लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेल्या कयानी बेकरीसमोर श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग लागते, दुपारी दुकान बंद होते, आणि माल संपला की तो संपलेला असतो. तिथे कोणी ‘दादा, श्रूजबेरीवर बाळाचा फोटो येईल का’ असे विचारत नाही. ग्राहकाला नकार देण्याची ही ताकद दुपारच्या बंद दारातून येते, आणि होम बेकरचे दार बंद होत नाही, कारण त्या दारातून तिची मुले शाळेत जातात, दूधवाला येतो आणि तिची ओळख असलेले निम्मे ग्राहक तिच्याच मजल्यावर राहतात.

गोव्यात याच्या उलट दिशेची हालचाल दिसते, आणि ती या विषयातली सर्वांत मोठी गंमत आहे. तिथल्या पोदेरांनी पोर्तुगीज काळापासून पिढ्यानपिढ्या भट्टी सांभाळली. पीठ फुगवायला ते माडाची सूर (माडी) वापरत, म्हणजे हवेतल्या आणि झाडावरच्या नैसर्गिक यीस्टवर त्यांचा पाव होत असे. आता पोदेरांची मुले पहाटे दोनला उठण्यापेक्षा पगाराची नोकरी बरी म्हणून बाहेर पडतात, आणि पगाराची नोकरी सोडलेली माणसे पहाटे उठून ‘सावरडो’ करतात. सावरडो म्हणजे पीठ आणि पाणी आंबवून, त्यात आपोआप वाढणाऱ्या यीस्टवर फुगवलेला पाव. त्या आंबवणाला रोज खाऊ घालावे लागते, आणि पुष्कळ घरांत त्याला नावही ठेवतात. पोदेराचा पाव रुपयाने महागला की गावभर चर्चा होते, आणि सावरडोची वडी शेकड्यांत विकत घेताना लोक तिला पोटाला चांगली म्हणतात. पोदेराच्या मुलाला हे सांगितल्यास तो काय म्हणेल, याची कल्पना करता येते, पण तो कामावर असतो.

या सर्वांतून तरून जाणाऱ्या होम बेकर असतातच, आणि त्यांची संख्या काकांच्या हिशेबाहून अधिक आहे. त्या आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय अंडे फोडत नाहीत, नातेवाइकांसाठी वेगळा, थोडा जास्त, दर ठेवतात आणि पैठणीचा केक जून ते सप्टेंबर बंद ठेवतात. स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसाला त्या केक बाहेरून आणतात, आणि यात काही वावगे आहे असे घरातल्या कोणाला वाटत नाही. त्यांच्या दिनक्रमात एक नवी गोष्ट मात्र हळूहळू शिरलेली दिसते. रात्री ओव्हन थंड झाल्यावर, ज्या संगणकापासून पळून त्या ओव्हनकडे आल्या होत्या, तोच उघडून त्या निवांतपणे खर्चाचे तक्ते मांडत बसतात: लोण्याचा भाव इथे भरला की केकचा दर तिथे आपोआप बदलावा, मागण्यांची मुदत लाल रंगात दिसावी, अशी त्यांची रचना असते आणि ती करताना जेवणाची आठवण राहत नाही. हे तक्ते त्या इतर होम बेकरांना हौसेने फुकट पाठवतात. इतक्या सुबक कामाची स्तुती होणे साहजिकच असते, आणि ती करणाऱ्यांपैकी एखादी तरी असे लिहून जातेच की, तू ना, यातलीच एखादी नोकरी बघ.